पाताळातली जागा

७ सप्टेंबर

भावजी,

तुमचं खोकं काल दुपारी पोचलं. आतून निघालं ते असं: मी विणलेला मफलर, एक, धुतलेला. तुम्हाला नोकरी लागली तेव्हा तुमच्या दादांनी दिलेलं मनगटी घड्याळ, चालू. जेवणाचा तीन पुडांचा डबा, झाकणासकट, घासलेला. घराची किल्ली. आमच्या ठकीनं शाळेत असताना काकांसाठी म्हणून तुम्हाला करून दिलेली रेशमी दोऱ्याची पुस्तकखूण तेवढी आली नाही. चुकून राहिली असेल तर राहू दे. खोक्याला तिकिटं कमी लावली होती म्हणून पोस्टमननं माझ्याकडून एकशे वीस घेतले. भावजी, माणसानं रुसावं, पण पुरती तिकिटं लावून रुसावं. वहिनीच्या भाजीच्या पैशांतून रुसणं बरं नव्हे.

यांनी विचारलं, "कसलं खोकं?" मी म्हटलं, "भांडी आहेत." डबा हे भांडंच आहे, तेव्हा देवापुढे उभं राहायला मला अडचण नाही. किल्ली मात्र खिळ्याला लावली नाही. तिथे दिसली असती तर त्यांना कळलं असतं.

तुमचा फोन लागत नाही. नंबर बदलला असावा. पत्ता खोक्यावर होता, म्हणून हे पत्र. वसतिगृहाच्या कोठीवर नोकरी धरलीत असं ऐकलं. पुस्तकं मोजणाऱ्या माणसानं चादरी मोजायच्या, हे मला बघवलं नसतं, म्हणून लांब गेलात तेच बरं झालं असं एकदा वाटतं आणि दहादा वाटत नाही.

राग तुमचा रास्त आहे. मी यांची वकिली करायला बसलेली नाही. विद्यापीठानं ग्रंथालयातली निम्मी माणसं कमी करा म्हणून सांगितलं आणि यादी करायचं काम उपग्रंथपाल म्हणून यांच्या गळ्यात पडलं. यांनी पहिलं नाव सख्ख्या भावाचं लिहिलं. मला म्हणाले, "त्याचं वगळलं असतं तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं सांगू?" मी म्हटलं, "आणि आता घरी कोणत्या तोंडानं जेवाल?" त्या दिवशी ते जेवले. वाढणारीच्या लक्षात येतं, माणूस जेवतोय की नुसतं ताट रिकामं करतोय.

ग्रंथालयाची बातमी तुम्हाला नको असेल, तरी लिहिते. तुमचं तळघर आता ओळखू यायचं नाही. ज्याला सगळे पाताळ म्हणायचे आणि तुम्हाला पाताळराजे, तिथली चाकं फिरवून सरकवायची कपाटं निघाली. रूळ तेच, पण वर नवी कपाटं, मोटारीवर चालणारी. वरच्या काउंटरवर बटण दाबलं की खाली दोन कपाटांमधला हवा तो बोळ उघडतो आणि बाकीचे मिटतात. मी डबा द्यायला गेले होते तेव्हा यांनी दाखवलं. मला ते पुस्तकांनी भरलेल्या भिंती चालत आल्यासारखं वाटलं आणि तोंडातून देवाचं नाव गेलं. फिटर हसला. म्हणाला, "मावशी, घाबरू नका, याला डोळा आहे." प्रत्येक बोळाच्या तोंडाशी लाल दिव्याचा डोळा बसवलाय, आत काही असलं की कपाट जागच्या जागी थांबतं. त्यानं स्वतःची टोपी आत फेकून दाखवली. थांबलं.

वरचा मोठा हॉल आता रात्रंदिवस उघडा राहणार आहे. मुलांना खालच्या मोटारींचा आवाज लागू नये म्हणून पाताळाला जाड दार आणि जाड छत केलंय. खाली कोणी हाका मारल्या तरी वर ऐकू यायच्या नाहीत इतकं चांगलं काम झालंय म्हणे.

तुमची मधली खोली झाडून ठेवते. खुशाली कळवा.

वहिनी


२९ सप्टेंबर

भावजी,

पत्राचं उत्तर नाही. तुम्ही हट्टी, मी चिवट. बघू.

काउंटरवरच्या शूबाईंनी नमस्कार सांगितलाय. इतकी वर्षं त्या मुलांना "शू, शू" करत आल्या. आता मुलं आपलं पुस्तक आपणच यंत्रापुढे धरतात आणि यंत्र मोठ्यांदा "आभारी आहे" म्हणतं. शूबाई मला म्हणाल्या, "वहिनी, आयुष्यभर पोरं गप्प केली. आता या मेल्याला कोण गप्प करणार?" त्यांना काढलं नाही, पण पाताळाचं बटण आणि एक पडदा त्यांच्यापुढे ठेवलाय. पडद्यावर खालचं दिसतं. दिवसभर त्या मागणी आली की बटण दाबतात. म्हणाल्या, "लिफ्टवाली झालेय मी, फक्त लिफ्ट कुठे जात नाही."

ठकीला काम लागलं. कंत्राटी आहे, वर्षाचं. तिनं ग्रंथालयाची पदविका घेतली तेव्हा तुम्हीच फी भरली होती, तेव्हा तुम्हाला कळवणं माझं काम. पगार थोडा आहे, पण घरून डबा, जाताना यांच्याबरोबर स्कूटरवर, म्हणजे जाण्याचा खर्च नाही. ती बसते तिथे गारवा फार आहे म्हणून तुमचा मफलर मी तिला दिला. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या कपड्यांना जुन्या कागदाचा वास येतो. मला तो वास ओळखीचा आहे. कुठे बसते ते सावकाश लिहीन.

यांची तब्येत बरी नाही. तक्रार काही नाही, पण हातातला घास तसाच राहतो. नव्या कपाटांचा डोळा फार तीक्ष्ण निघाला. एखादं पुस्तक जरा बाहेर डोकावलं तरी कपाटं थांबतात, मग खालच्या माणसानं जाऊन ते पुस्तक आत ढकलायचं, मग पुन्हा बटण. मोठ्या नकाशांची पुस्तकं तर कपाटात मावतच नाहीत, निम्मी बाहेर. विद्यार्थी वर तिष्ठत बसतात आणि तक्रारी लिहितात. आता पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो म्हणून कुणी तरी कुलगुरूंना सांगितलंय. उद्घाटन डिसेंबरात आहे आणि त्या दिवशी कुलगुरू स्वतः एक पुस्तक मागवून बघणार आहेत.

काल देवापाशी बसले होते तर हे मागे येऊन उभे राहिले. कधी येत नाहीत. म्हणाले, "तुझं चालू दे." मग म्हणाले, "त्याचं पत्र आलं का काही?" मी म्हटलं, "कुणाचं?" ते गेले.

दोन ओळी टाका.

वहिनी


१८ ऑक्टोबर

भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. "माझ्या खुर्चीत कोण बसलंय ते शूबाईंकडून कळलं. वहिनी, यापुढे पत्र टाकू नका." अक्षर सुंदर आहे, नेहमीसारखं. टोचायचं तर सुईसारखं टोचावं, तेही तुम्हाला जमतं.

हो, ठकी पाताळात आहे. तुमच्या खुर्चीत. मी मागच्या पत्रात लिहिलं नाही कारण लिहायचं धाडस झालं नाही. तुमच्या वेळी तिथे पाच माणसं होती, आता ती एकटी. वरून मागणी येते, बोळ उघडतो, ही आत जाते, पुस्तक काढते, छोट्या लिफ्टमध्ये ठेवते. पुन्हा मागणी.

आता तुम्ही म्हणाल, भावाला काढलं आणि लेकीला बसवलं. जग तेच म्हणतंय. खरं काय ते ऐका आणि मग मला हव्या तेवढ्या शिव्या द्या.

यांनी तिला बसवलं नाही. तिनं यांना न विचारता अर्ज केला. मी रागावले तर म्हणाली, "आई, नियम वाच. कमी केलेल्या माणसाला वर्षाच्या आत आपली जागा परत मागता येते. पण जागा चालू असली तर. रिकामी राहिली की ती कायमची रद्द. कोणी अर्जच करत नव्हतं. मी नसते बसले तर काका परत येऊन कुठे बसले असते, जिन्यावर?"

मी म्हटलं, "काकांना कळव तरी."

"नाही कळवणार. त्यांना वाटेल मी उपकार करते. ते आले की मी गुपचूप उठणार."

आता कळलं? पोरगी तुमच्यावर गेलीय. तोंडातून काही काढायचं नाही आणि मनात जन्माचं बांधून ठेवायचं.

तिनं तुमची पद्धत पण चालू ठेवलीय. बोळात शिरताना चपला तोंडाशी काढायच्या. लहानपणी तुम्ही तिला शिकवलं होतंत, "चपला दिसल्या की चाक फिरवायचं नाही, आत माणूस आहे." घरीसुद्धा ती कोठीच्या खोलीत जाताना दाराशी चपला काढते आणि यांना हसू येतं. आता चाक नाही, बटण आहे, आणि बटण दाबणारा वर बसतो. म्हणून तिनं आणि शूबाईंनी आपसांत ठरवलंय: पडद्यावर बोळाच्या तोंडाशी चपला दिसत असल्या तर शूबाई बटण दाबत नाहीत. मागणी कितीही येवो. शूबाई म्हणतात, "मी कुलगुरूंची मागणी पण थांबवीन. चपला म्हणजे चपला."

हे तुम्हाला एवढ्यासाठी लिहिते की डोळा आता बंद आहे.

यांनीच बंद करायला सांगितला, उद्घाटन होईपर्यंत. डोळा नसला की पुस्तक झटकन येतं. गेल्या आठवड्यात फिटर खालचं लोखंडी स्टूल बोळात विसरला. संध्याकाळी ते निघालं तेव्हा पायाखाली आलेल्या पत्र्याच्या डबीसारखं झालं होतं. यांनी जेवताना सांगितलं. मी विचारलं, "आणि माणूस असता तर?"

म्हणाले, "खाली माणूस एकच आहे आणि तिला सगळं ठाऊक आहे."

भावजी, "तिला" म्हणाले. "ठकीला" नाही म्हणाले. मी भाताचं पातेलं उचलून आत नेलं. भात कुणालाच नको होता.

पत्र टाकू नका म्हणालात, टाकलं. फाडून टाकायच्या आधी एकदा वाचा.

वहिनी


९ नोव्हेंबर

भावजी,

आज थोडंच लिहिते. ठकी घरी आहे. खांदा जरा लचकलाय. डॉक्टरांनी दुधातून हळद नको म्हणून गोळ्या दिल्यात आणि झोळी बांधलीय. पंधरा दिवसांत बरं होईल म्हणतात. काळजीचं काही नाही.

उद्घाटनाची तयारी जोरात आहे. हॉलमध्ये नवे गालिचे आले, भिंतींना फिकट रंग दिला. सफाईचं काम बाहेरच्या कंपनीला दिलंय, त्यांची माणसं रोज वेगळी येतात, पण काम चोख. फरशीवर कागदाचा कपटा राहू देत नाहीत. यांना त्याचं कौतुक होतं.

शूबाई आल्या होत्या. चहा ठेवला तो तसाच निवला. ठकीच्या पायांशी बसून राहिल्या आणि तिची पावलं चेपत होत्या. ठकी म्हणत होती, "अहो असू दे, बाई, असू दे." जन्मभर दुसऱ्यांना गप्प करणाऱ्या बाई, आज त्यांच्या गप्प बसण्यानं घर भरून गेलं.

ठकी हल्ली न्हाणीघराचं दार लावत नाही. खोलीचंही नाही. कपडे ठेवायचं लाकडी कपाट भिंतीपासून सरकवून दाराजवळ घ्यायचं मनात होतं माझ्या, म्हणजे खाली झाडता येईल. ओढायला लागले तर तिनं मला हात धरून थांबवलं. म्हणाली, "आई, ते हलवू नको."

हे घरात असतात तेव्हा चालत असतात. खिडकीपासून दारापर्यंत.

मी देवाला काही कबूल केलेलं नाही. देवाशी घासाघीस करू नये असं माझं मत आहे. फक्त दिवा जरा जास्त वेळ ठेवते. तेल जास्त जातं, जाऊ दे.

वहिनी


२८ नोव्हेंबर

भावजी,

मागच्या पत्रात मी तुम्हाला फसवलं. खांदा लचकलेला नाही. आता सगळं लिहिते, आणि मग जे मागायचं आहे ते मागते. वाचायला सुरुवात केली आहे तर शेवटपर्यंत वाचा.

त्या दिवशी दुपारी ठकी नकाशांच्या बोळात गेली. चपला तोंडाशी काढल्या. आत शेवटापर्यंत गेली, कारण मागितलेलं पुस्तक शेवटच्या खणात होतं. तेवढ्यात सफाईची बाई आली. नवी होती, पहिलाच दिवस. फरशीवर काही ठेवायचं नाही असा तिला हुकूम. तिनं त्या चपला उचलल्या आणि दाराजवळच्या मांडणीवर ठेवल्या. नुसत्या ठेवल्या नाहीत, पुसून ठेवल्या. मग बादली घेऊन गेली.

वर शूबाईंपुढे पुढची मागणी आली. त्यांनी पडदा पाहिला. नकाशांच्या बोळाशी चपला नाहीत. दुसऱ्याही कोणत्या बोळाशी नाहीत. त्यांना वाटलं, पोरगी पाणी प्यायला गेली असेल. त्यांनी बटण दाबलं.

ठकी सांगते, "आधी वाटलं शेजारचा बोळ चाललाय. मग उजेड कमी झाला." ती धावली. बोळ लांब आहे, तुम्हाला माहीत आहे. अर्ध्यात पोचली तेव्हा तो अंगाला लागला. ती आडवी झाली, एक खांदा पुढे, एक मागे, तोंड पुस्तकांना लावून. ती ओरडली. जाड दार, जाड छत. वर मुलं वाचत होती.

नकाशांची दोन मोठी पुस्तकं खणातून बाहेर डोकावत होती. ज्यांच्यामुळे कपाटं थांबायची, ज्यांच्यापायी यांनी डोळा बंद केला, तीच. समोरचं कपाट त्यांच्यावर येऊन टेकलं आणि मोटार घरघरत राहिली. पुस्तकांचे पुठ्ठे हळूहळू वाकत होते, असं ठकी म्हणते. तिच्या डोळ्यांपुढे वाकत होते.

वर पडद्यावर अक्षरं आली की बोळ पूर्ण मिटला नाही. असं झालं की बटण पुन्हा दाबायचं, अशी सूचना आहे. शूबाईंनी बोट ठेवलं होतं. त्या माझ्यासमोर बोट धरून सांगत होत्या, "हे बोट, वहिनी, हे." तेवढ्यात त्यांना पडद्याच्या कोपऱ्यात, दाराजवळच्या मांडणीवर, चपलांचा जोड दिसला. एकाशेजारी एक, देवळाबाहेर ठेवाव्या तशा. त्या उठल्या, धावल्या आणि खाली जाऊन मोटार बंद केली. त्या वयाच्या बाईला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं आणि आता पाहिल्यासारखं रोज दिसतं.

गळ्याचं हाड मोडलंय आणि दोन बरगड्या. डॉक्टर म्हणाले, पुस्तकं आणखी थोडी दबली असती तर. एवढंच म्हणाले.

सफाईवाल्या बाईचा दोष नाही. तिनं सांगितलं तेच केलं. शूबाईंचा नाही. पण अहवालात दोघींची नावं आहेत आणि डोळ्याचं नाव नाही. तो अहवाल यांनी लिहिला. सफाईवाली दुसऱ्या दिवसापासून आली नाही. शूबाईंना महिनाअखेर मोकळं करताहेत, आणि त्यांच्या जागी कोणी येणार नाही. उद्घाटनापासून मुलांनी आपापल्या फोनवरून पुस्तक मागितलं की खालचा बोळ आपोआप चालेल. बटण नाही, बाई नाही, पडदा बघणारं कोणी नाही. आणि बोळ पूर्ण मिटला नाही तर यंत्र आपणच पुन्हा दाबेल.

हे मी यांच्या तोंडून काढलं. भावजी, लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांच्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हटलं, "डोळा चालू करा. आज. आत्ता जाऊन."

"उद्घाटन झालं की करतो."

"आणि तोवर?"

"तोवर ती घरी आहे."

"उद्घाटनाच्या दिवशी कोण असणार खाली?"

ते खिडकीकडे चालू लागले.

"तुमच्या पोटची पोर आहे हो ती."

तेव्हा ते खाली बसले. फरशीवरच. म्हणाले, "डोळा चालू केला की अर्धा तास लागतो एका पुस्तकाला. कुलगुरूंपुढे अर्धा तास लागला तर सगळे विचारतील, एवढा खर्च कशाला केला? एवढी माणसं कशाला काढली? आणि त्यांनी नाही विचारलं तरी मी विचारणार. माझ्या भावाला मी कशासाठी काढलं? हे यंत्र चाललंच पाहिजे. हे चाललं नाही तर मी त्याला फुकट काढलं."

मला राग धरता येईना. पण दया पण आली नाही. एखादा माणूस विहिरीत पडलाय आणि वर येण्यासाठी आणखी खणतोय असं बघत होते मी. त्यांना तुमच्या बाबतीत केलेला अपराध इतका टोचतो आहे की तो मिटवायला ते लेक पणाला लावून बसलेत, आणि त्यांना वाटतं ते कर्तव्य करताहेत. मी यांचे पाय धरायला तयार होते. पाय धरून उपयोग नाही. ते फक्त एवढंच म्हणतात, "डोळ्याची गरज नाही, ती सावध असते."

मग मी ठकीकडे गेले. म्हटलं, "सोड ती नोकरी. मी सांगते म्हणून सोड."

ती झोळीतला हात सांभाळत बसली होती. भीती तिला आहे, तुम्हाला वाटेल नाही, पण आहे. झोपेत भिंतीला हात लावून बघते. तरी म्हणाली, "आई, डिसेंबरात मी हजर झाले नाही तर जागा रद्द. त्यांना तेच हवंय, खाली माणूसच नको."

"रद्द होऊ दे."

"मग काकांचं काय?"

"काका येणार नाहीत."

"त्यांनी असं म्हटलंय?"

मी काय सांगणार? तुम्ही एवढंच लिहिलंत की पत्र टाकू नका. मी म्हटलं, "म्हटल्यासारखंच आहे."

ती म्हणाली, "म्हटल्यासारखं नको. त्यांच्या हातचं दाखव. ते म्हणाले नको, तर मी एका दिवसात उठते. नाही तर मी त्यांना तोंड कसं दाखवू? आधीच त्यांना वाटतंय मी त्यांच्या खुर्चीवर डल्ला मारला."

मी तिला म्हटलं, मी वसतिगृहात फोन लावून त्यांना विचारते. म्हणाली, "फोनवर तू त्यांच्याकडून वदवून घेशील. मला अक्षर पाहिजे. त्यांचं अक्षर मला कळतं."

भावजी, तेव्हा आता मागते.

ठकीला लिहा. मला नको, तिला. लिहा की तुम्हाला ती जागा नको. वर्षाच्या आत मागणार नाही, नंतरही मागणार नाही. लिहा की तुम्ही तिच्यावर रागावलेला नाही. रागावलेले असलात तरी लिहा. त्याचं पाप माझ्या माथी, मी देवाला उत्तर देईन.

काय मागते ते मला समजतं. तुम्ही तिकडे चादरी मोजत बसला आहात ते कशाच्या जोरावर, हे मला माहीत आहे. एक दिवस दादा स्वतः बोलवायला येईल, आणि पाताळाच्या पायऱ्या तुम्ही पुन्हा उतराल. तो दिवस येईल असं मलाही वाटत होतं. तो आता येणार नाही, कारण तुम्ही होतात ते पाताळच राहिलेलं नाही. पण ते खरं नसतं तरी मी मागितलंच असतं. तुमचा हक्क एका बाजूला आणि माझं लेकरू एका बाजूला, यात मी न्यायानं वागणार नाही. मी आई आहे, मला न्याय करता येत नाही.

यांना हे पत्र माहीत नाही. कळलं तर म्हणतील, घरातली गोष्ट बाहेर नेलीस. तुम्ही घराबाहेरचे कधी झालात ते मला अजून कळलेलं नाही.

झोळी काल सुटली. डॉक्टर आणखी विश्रांती सांगत होते, पण ती ऐकत नाही. यांनी तिला विचारलं, "चाचणीला खाली माणूस लागतंय, उद्या येतेस ना?" आणि ती "हो" म्हणाली, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. आज सकाळी स्कूटरवर ती यांच्या मागे बसली. नवी कपाटं आता फोनवरून चालवून बघताहेत, दिवसभर, उद्घाटनात काही अडू नये म्हणून. मी गॅलरीत उभी राहून गल्लीच्या वळणापर्यंत पाहिलं आणि आत येऊन हे लिहायला बसले. अजून दोघं आलेली नाहीत. हे संपलं की मी पोस्टात जाते, शेवटची पिशवी निघायच्या आधी.

पाकिटावर फक्त तिचं नाव घाला. दोन ओळी पुरेत, पण तुमच्या अक्षरात, आणि उलट टपाली.

वहिनी